नाव न घेता मागितलेलं

लाँड्रीच्या हजेरीकार्डावर वहिनीचं खरं नाव होतं, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आसपासच्या इमारतींमधली माणसं त्याला दादा म्हणायची, म्हणून लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती अख्ख्या गल्लीची वहिनी झाली.

दादा मोठा बोलका माणूस. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आधी हसवायचं आणि मग बाहेर काढायचं, ही त्याची पद्धत. बंद दाराला तोंड लावून विचारायचा, "आत बरं वाटतंय ना? नाहीतर मी चहा पिऊन येतो." आतला माणूस चिडायचा आणि चिडला की घाबरायचं विसरायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र तिसऱ्या मजल्यावर, नुसत्या जिन्याचं. दोन खोल्या. आतली स्वयंपाकाची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याच्या आईची खाट.

आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती त्या खाटेवर होती. उजवी बाजू पार गेलेली. बोलणं जड, पण घरातल्यांना कळायचं. तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, खालचं बदलायचं, हे सगळं वहिनीकडे. शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून दिवसभर लाँड्रीत हॉटेलांच्या पांढऱ्याशुभ्र चादरींच्या घड्या घालायच्या आणि घरी येऊन खराब झालेल्या चादरी धुवायच्या. दादा हात लावायचा नाही असं नाही, पण आईच लाजायची. "पोराने नको," म्हणायची. मग तो बिचारा दारात उभा राहून विनोद करायचा.

वहिनीने कधी हयगय केली नाही. पण माणूसच ती. एका सुटीच्या दिवशी दुपारी तिने सासूला अंघोळ घातली, कोरडं केलं, पाठीवरची जखम पुसून मलम लावलं. मलम झोंबलं. सासू ओरडली, डाव्या हाताने तिचे केस धरले आणि जड जिभेने शिव्या दिल्या. वहिनीने केस सोडवून घेतले, ताजी चादर घातली, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती चादर पुन्हा खराब झाली.

ती उठली. आत गेली, नळ सोडला, हात धुवत राहिली. नळाच्या वरच फळीवर देव होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "आता पुरे कर. या घरातलं एक माणूस उचल. मला सोडव."

नाव घेतलं नाही. नवऱ्याच्या आईचं नाव घेऊन मरण मागायला जीभ धजावली नाही. आणि देवाला काय सांगायला हवं? त्याला दिसतच होतं की.

त्याच आठवड्यात दादा गेला. एका जुन्या इमारतीची लिफ्ट मधेच अडकली होती. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायला तो सगळे जिने चढून गेला. बराच वेळ खाली आला नाही, तेव्हा त्याचा जोडीदार वायरमन वर गेला. दादा मशीनला टेकून बसला होता, हातात पाना तसाच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या नळ्या बऱ्याच आधीपासून तुंबलेल्या होत्या, हे एका दिवसाचं दुखणं नव्हे.

वहिनीने ते ऐकलं, मान हलवली. पण तिच्या कानात नळाचं पाणी वाहत होतं.

सासूला सांगायचं काम तिच्यावरच आलं. खाटेच्या कडेला बसून तिने सांगितलं, "आई, हे गेले." म्हातारी रडली नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं ते दोन दिवस इकडे फिरवलंच नाही. वळवायला गेलं की अंग सोडून द्यायची, पाण्याचा चमचा ओठाला लावला की ओठ मिटून घ्यायची.

वहिनी कामावर परतली ती वेगळीच होऊन. संध्याकाळी घरी आल्या आल्या पर्ससुद्धा खाली न ठेवता सासूकडे जायची. पूर्वी जे रोज करायची, ते आता कामाच्या आधी दोनदा आणि नंतर दोनदा करायला लागली. जखम धुणं, अंग चोळणं, पाठीखाली उशा बदलणं. स्वतः गादीवर झोपणं सोडलं, फरशीवर पथारी टाकली. गोड सोडलं. जेवायची ते ओट्याशी उभ्यानेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, बस तरी दोन मिनिटं." ती म्हणाली, "सवय झालीय." खरं तर हे सगळं ती फेडत होती. किती फेडायचं, कुणाला, हे तिला तरी कुठे माहीत होतं.

आणि झालं काय, तर सासूची जखम भरून आली. गाल वर आले. तपासायला आलेली नर्स कौतुकाने म्हणाली, "अशी सेवा मी बघितली नाही हो." वहिनीला वाटलं, कुणीतरी थोबाडीत मारली.

याहून एक वाईट गोष्ट होती, ती कुणाला दिसत नव्हती. वहिनीला काहीही मागायची भीती बसली होती. बसथांब्यावर उभी असताना मनात यायचं, बस लवकर येऊ दे, की ती तिथेच तो विचार तोडायची. कुणी सांगितलं, "बघ ना, माझ्या मुलीचं लग्न जमू दे," तर "होईल" म्हणायलाही ती कचरायची. फळीवरचा दिवा ती रोज लावायची, पण डोळे खाली घालून, घाईघाईने, जसं कुणी रागीट माणसाच्या पुढ्यात ताट ठेवून मागे सरतं.

लाँड्रीत तिच्यासमोर घडी घालायला लंबू असायची. लंबू म्हणजे ताडमाड उंच बाई, तोंडाने फटकळ. वहिनी बुटकी. दोघींनी चादरीचे दोन-दोन कोपरे धरायचे, झटका द्यायचा, आणि चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. उंचीतल्या फरकामुळे घडी तिरकी यायची आणि सुपरवायझर रोज ओरडायचा. लंबू म्हणायची, "हिला स्टूल द्या, नाहीतर माझे पाय कापा."

एकदा चादरीला झटका देता देता लंबू म्हणाली, "तू काय लपवतेस? नवरा गेलेल्या बायका मी बघितल्यात. तू त्यातली वाटत नाहीस. तू चोरी केल्यासारखी दिसतेस."

चादरी इस्त्री करणाऱ्या गरम रोलरची घरघर चालू होती, वाफेत कुणाला काही ऐकू जात नव्हतं. वहिनीने सगळं सांगून टाकलं. नळ, खराब झालेली चादर, एक माणूस उचल.

लंबूला हसूच फुटलं. "एवढंच? अगं, मी माझ्या नवऱ्यासाठी रोज मागते! मेला ठणठणीत आहे, कालच नवीन बूट आणले."

वहिनीच्या हातातून चादर सुटली. तिचा चेहरा बघून लंबूचं हसू जागच्या जागी विरलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तोंडच असलं माझं. चल, संध्याकाळी तुला देवळातल्या गुरुजींकडे नेते. ते शहाणे आहेत."

गुरुजी खरंच शहाणे होते. वयस्कर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाले, "मुली, देव म्हणजे काय पोस्टमन आहे का, पत्ता नीट लिहिला नाही म्हणून भलत्याच दारात टाकून जायला? तू थकली होतीस. थकलेल्या माणसाचं बोलणं तो मनावर घेत नाही."

वहिनीच्या छातीवरचा दगड जरासा हलला. पण जाताना गुरुजींनी तिला एक छोटं स्तोत्र दिलं. "हे रोज म्हणत जा. मनाला शांती मिळेल."

रस्त्यात ती लंबूला म्हणाली, "पाप नसेल तर हे कशाला म्हणायचं?"

"शांतीसाठी गं."

"नाही. त्यांना कळलंय. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाहीत."

लंबूने कपाळावर हात मारला. मग ती नुसतीच वहिनीचा हात धरून चालत राहिली.

पुढे एक दिवस वायरमन दादाची हत्यारांची पिशवी द्यायला आला. खुर्चीच्या टोकावर बसला, पाणी प्यायला, आणि मनात साचलेलं बोलून गेला. "वहिनी, दादाला कधीपासून त्रास होत होता. जिना चढला की छातीत जळजळायचं. पित्ताच्या गोळ्या चघळायचा. मी म्हटलं, दाखव कुणाला तरी. तर म्हणाला, घरी एक आजारपण आहे तेवढं पुरे, बायकोला अजून एक नको."

त्याला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. आजार होता, कुणाचा दोष नव्हता. वहिनीने फक्त एवढंच ऐकलं की तिच्या थकलेल्या तोंडाकडे बघून तो गप्प बसला होता. वायरमन गेल्यावर ती पिशवी तिने माळ्यावर टाकली आणि शिडीवरच बराच वेळ उभी राहिली.

हे सगळं बाहेरच्या खोलीतून सासू बघत होती. एका रविवारी सकाळी वहिनी तिला दूध भरवत असताना म्हातारीने डाव्या हाताने चमचा बाजूला सारला.

"माझ्यामुळे गेला," ती म्हणाली.

"काय आई?"

"माझा मुलगा. मी मागितलं."

तुटक-तुटक, थुंकी गिळत, तिने सांगितलं. दादा आणि वहिनी आतल्या खोलीत बोलत होते ते तिने ऐकलं होतं. आजारी म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा होती, दादा ती बघायला जाणार होता. नुसती बघायला. वहिनीला आठवलं, असं बोलणं झालं होतं खरं, आणि दादाच शेवटी म्हणाला होता, मला नाही जमणार आईला तिथे ठेवणं. पण तेवढं शेवटचं म्हातारीच्या कानावर गेलं नव्हतं.

"मी देवाला म्हटलं, याचे पाय तिथवर पोचू देऊ नको. मला बाहेर काढायला निघालेला परत घरी येऊ देऊ नको." तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. "राग आला होता गं. पोटच्या पोराला शाप दिला."

कुणालाही वाटेल, आता दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असतील. तसं झालं नाही. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने तिने जे एकटीने वाहिलं होतं, ते कुणीतरी तिच्या डोक्यावरून ओढून घेत होतं.

"तुमचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "मी मागितलं होतं. तुम्हाला न्यावं म्हणून. नाव घेतलं नाही, म्हणून ते गेले."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. म्हातारी मात्र रागावली नाही.

"म्हणजे तुझं ऐकलंच नाही त्याने," ती म्हणाली. "माझं ऐकलं. आईचा शब्द लागतो."

"नाही आई."

"मी जन्म दिला त्याला."

"नाही म्हणते ना मी!"

वाटीतलं दूध गार होऊन त्यावर साय धरली. शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक करून विचारलं, "सगळं बरं आहे ना गं?" भांडण तिथेच थांबलं. मग सासूला वळवायची वेळ झाली होती, म्हणून वहिनीने तिला वळवलं.

त्या दिवसापासून घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. म्हातारी म्हणायला लागली, "मला त्या जागेत नेऊन टाक. मला तेच शोभतं." आणि वहिनी म्हणायची, "मी असेपर्यंत नाही." बघणाऱ्याला वाटायचं, केवढी माया! माया होतीही. पण सासू तिथे जाऊन शिक्षा भोगायला निघाली होती आणि सून तिला इथे ठेवून. आपापली शिक्षा कुणीच सोडायला तयार नव्हतं. लंबू एकदा भेटायला आली, दोघींचं ऐकून घेतलं आणि निघताना जिन्यात म्हणाली, "दादा असते तर दोघींना लिफ्टमध्ये कोंडलं असतं." वहिनीला हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि ते आलं म्हणून दिवसभर अपराधी वाटलं.

थंडीच्या दिवसांत सासूला ताप भरला. छातीत कफ घरघरायला लागला. डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, "वय झालंय. औषधं देतो. बाकी वरच्याच्या हातात."

ते गेल्यावर म्हातारीने वहिनीचं मनगट धरलं. हात चटका बसावा इतका तापला होता. "पोरी, माझ्यासाठी माग," ती म्हणाली. "मला ने म्हणून माग. मी नाही मागत, माझ्या तोंडाला विष आहे. तू माग. या वेळी नाव घेऊन."

वहिनी उठून आत गेली. फळीसमोर उभी राहिली. सासूला सोडवावं म्हणून मागावं, तर ते पुन्हा तेच मागणं. जगवावं म्हणून मागावं, तर ती तशीच कुजत पडणार. आणि काहीही मागितलं, तरी आता लंबू आहे, वायरमन आहे, शेजारच्या काकू आहेत, कुणाच्या दारात ते जाऊन पडेल, सांगता येत नाही. हात जोडले गेले, पण तोंडातून एक अक्षर फुटेना. गुरुजींच्या स्तोत्राची पहिली ओळसुद्धा आठवेना. तशीच ती बाहेरच्या खोलीत परत आली.

"मागितलंस?" सासूने विचारलं.

वहिनीने खोटं सांगितलं. "हो."

म्हातारीने समाधानाने डोळे मिटले. पुढचे दिवस वहिनी कामावर गेली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसत, औषधाचा चमचा दातांमधून सरकवत, ती श्वास बघत बसून होती. काही मनात येऊ न देता. तेच सगळ्यात अवघड होतं.

मग एका सकाळी अंगाला घाम सुटला आणि ताप उतरला. म्हातारीने डोळे उघडले, छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. आपण अजून इथेच आहोत हे तिच्या ध्यानात आलं.

"या वेळीही त्याने तुझं ऐकलं नाही," ती म्हणाली, आणि तिचा ओठ लहान पोरासारखा वाकडा झाला.

वहिनीला रडू कोसळलं. ते कशाचं होतं, सुटकेचं की सुटका झाली नाही याचं, ते तिला अजूनही सांगता येत नाही. रडतच तिने घामाने भिजलेला झगा काढला, कोरडा घातला, आणि म्हातारीचं डोकं उचलून खालची उशी सारखी केली.