अकरा नंबरच्या नावावर एक असिस्ट

छपाईयंत्रातून नुकताच बाहेर आलेला, हाताला गरम लागणारा, शाईचा किंचित गोडसर वास असलेला एक कागद... डावीकडे खेळाडूंचे क्रमांक, त्यांच्यापुढे आडव्या ओळींत गुण, रिबाउंड, असिस्ट, फाउल. माझ्या बालपणाचं चित्र काढायला कुणी सांगितलं, तर मी डोंगर आणि नदी काढणार नाही. रायस्वाइकजवळच्या जुन्या स्पोर्टहालमधला हा कागद काढीन. आणि त्यामागे लाकडी जमिनीवर करकरणारे बूट, पावसात भिजलेल्या कोटांचा कुबट वास, मध्यंतरातली कडवट कॉफी, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणारी माझी आई.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे, डच लोकांच्या देशात आलो. बाबांचं ऑफिस आगगाडीने तासाभरावर, स्लोटरडाइकला. ते काळोखात निघायचे आणि काळोखातच परतायचे. मी शाळेत. आई घरात एकटी. फोडणीत हिंग टाकण्याआधी शेजाऱ्यांच्या संकोचाने स्वयंपाकघराचं दार लावून घेणारी, खिडकीतून करड्या आकाशाकडे बघत राहणारी. कॉलेजात ती बास्केटबॉल खेळायची, मैत्रिणींच्या घोळक्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. इथे तो हळूहळू पुण्याच्या फोनपुरता उरला. त्या हिवाळ्यात एकदा पोळ्या लाटता लाटता ती बाबांना म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात सईला घेऊन मी परत जाते. तुम्ही प्रोजेक्ट संपवून या." दुसऱ्या दिवशी मोठी बॅग माळ्यावरून खाली आली आणि पलंगाशेजारी उभी राहिली.

त्या बॅगेकडे बघवेना म्हणूनच असेल, बाबांनी आम्हा दोघींसाठी बास्केटबॉलची तिकिटं आणली. संघ व्यावसायिक लीगमधला, पण साधा, घरगुती वाटावा असा. सामने शनिवारी दुपारी. आमची जागा नोंदी घेणाऱ्यांच्या टेबलामागेच होती. तिथे यान नावाचे आजोबा खेळावर नजर रोखून मोठ्याने सांगायचे, कोणत्या क्रमांकाने काय केलं ते. आणि आनेके नावाची, लालसर केसांची, खळखळून हसणारी बाई ते संगणकात भरायची. आई दर शनिवारी यान आजोबांच्या जरा आधीच पुटपुटायची... "सात, रिबाउंड. तेवीस, फाउल."

डच आकड्यांनी मला तेव्हा रडकुंडीला आणलं होतं. शाळेत इंग्रजीच्या सवयीने मी आकडे उलटसुलट लिहायचे. आईने एकदा माझी वही ओढून घेतली, ओठ हलवत वाचलं आणि चेहरा असा उजळला, जणू परक्या गल्लीत ओळखीचं माणूस भेटलं. "अगं, हे तर आपल्यासारखंच! फैफ-एन-ट्विंटख... पाच आणि वीस. पंचवीस! आधी सुटे, मग दशक." त्या दिवसापासून सायकलवरून जाताना आम्ही घरांचे क्रमांक डचमध्ये ओरडत जायचो. या देशाची भाषा आईला अशी आकड्यांच्या फटीतून पहिल्यांदा दिसली.

मोसमाच्या अखेरच्या सामन्याला यान आजोबांचा घसा बसला. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. आनेकेने मागे वळून सरळ आईकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाली, "तू! नेहमी पुटपुटतेस ना? ये, इथे बस."

आईने माझ्याकडे पाहिलं. "सई, मला जमेल का गं?"

"आई, जा ना!"

ती गेली. पहिले काही आकडे दबक्या आवाजात आले, मग आवाजाला धार चढली, आणि थोड्याच वेळात तो हॉलमधल्या गलक्यावरून स्वच्छ ऐकू येऊ लागला. पुण्यातला तोच आवाज, फक्त आकडे डच!

संघात अकरा नंबरचा एक वयस्क खेळाडू होता. गुडघ्याला पट्टा, कानशिलावर पांढरे केस. तो निवृत्त होणार होता आणि तो सामनाही त्याने बाकावर बसूनच पाहिला होता. अगदी शेवटी प्रशिक्षकांनी त्याला आत पाठवलं. टाळ्या पडल्या. त्याने एकदा बास्केटकडे चेंडू फेकला, हुकला. मग दोघांनी घेरलेलं असताना, मान न वळवता, त्याने पाठीमागून जमिनीवर टप्पा देत एक पास सोडला... संघातल्याच एका पोराने तो उचलला, एकदाच टप्पा दिला आणि बास्केट केली.

आनेके घुटमळली. बास्केट करण्याआधी त्या पोराने मध्ये एक टप्पा दिला होता ना. पासाचं श्रेय, म्हणजे असिस्ट, द्यावं की नाही? आई उठून उभीच राहिली. "एल्फ! असिस्ट! एल्फ!" अकरा, अकरा! आनेके हसली आणि तिने कळ दाबली.

सामन्यानंतर छापलेले कागद वाटले गेले. अकरा नंबरच्या ओळीत सगळी शून्यं, आणि त्यांच्यात एक एकटा एक. तो उंच माणूस कागद हातात घेऊन टेबलाशी आला. आनेकेने आईकडे खूण केली. तो वाकून डचमध्ये बोलला आणि आईने पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवत मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, शून्यांचा कागद घरी नेणार नव्हते. आता फ्रिजवर लावणार."

आई त्याच्याकडे बघून, व्याकरण चुकवत, स्वतःच्या डचमध्ये म्हणाली, "पास फार सुंदर." आणि तिचा पंजा त्याच्या प्रचंड पंजात दिसेनासा झाला.

पुढच्या मोसमापासून नोंदींच्या टेबलाशी तिची खुर्ची ठरली. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो, पण परतीची तिकिटं काढूनच. येताना बॅगेत आनेकेसाठी लिंबाचं लोणचं होतं. पुढे आई नीट डच शिकली, नोकरीला लागली, खिडक्या उघड्या टाकून फोडण्या देऊ लागली.

तो हॉल आता नाही. तिथे विटांची नवी घरं आहेत. यान आजोबा गेले, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी आनेकेही गेली. तिला निरोप देताना आई भरल्या डोळ्यांनी, पण एकदाही न अडखळता डचमध्ये बोलली.

परवा चहा पिताना मी आईला सहज विचारलं, "तो सामना जिंकलं कोण होतं गं?"

तिने कप खाली ठेवला, बराच वेळ आठवून पाहिलं, आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो... दोघींपैकी एकीलाही ते ठाऊक नव्हतं.