अकोफाचा बिनधुराचा जाळ

अकोफाच्या छपरामागची जमीन आंबट होती. किसलेला कसावा कंद पोत्यात भरून दाबला की जे पाणी सुटतं, ते सत्तर वर्षं त्याच एका चरातून वाहत आलेलं. तिथे गवत उगवत नसे, कोंबडंही फिरकत नसे. त्सिगामे गावात कुणी नवखा आला की नाकाला फडकं लावून विचारायचा, "हा कसला वास?" आणि अकोफा फणकाऱ्यानं सांगायची, "आमच्या पोटापाण्याचा!"

त्या वासातच ती वाढली. तिची आई कोकुई गारी करायची. कसावा किसायचा, आंबवायचा, दाबून पाणी काढायचं आणि मोठ्या कढईत रव्यासारखा कोरडा भाजायचा, की झाली गारी. तेव्हा दाबायचं यंत्र कुठलं? पोत्यांवर दगड रचायचे, आणि दगड कमी पडले की कोकुई पोरींनाच वर बसवायची. "बसा गं, हलू नका. खाल्लेलं काहीतरी कामी येऊ दे!" अकोफा पोत्यावर बसून पाण्यात भिजवलेली गारी खायची, वर साखर आणि शेंगदाणे. खाली टप टप पाणी गळत असायचं. साठी उलटली तरी ते आठवलं की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. काय दिवस होते ते, राव! आता गारी तीच, शेंगदाणे तेच, पण ती चव काही येत नाही.

कोकुई कधी कुणासमोर रडली नाही. मासेमारीला गेलेला नवरा परत आला नाही, त्या वर्षीसुद्धा नाही. कढईपाशी बसायची, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्यानं गारी हलवत राहायची. डोळ्यांतून धारा लागलेल्या. कुणी विचारलंच तर म्हणायची, "धूर लागतोय." गावातल्या सगळ्याच बायकांची ही रीत. रडायचं ते कढईपाशी. मोकळ्यावर रडणारीला लोक नावं ठेवत, धुरात रडणारीला कुणी विचारत नसे.

पण त्याच धुरानं डेलाची छाती धरली. डेला म्हणजे अकोफाची धाकटी लेक. थोरल्या दोघी कधीच राजधानीत, आक्राला गेल्या होत्या. आता ही एकटीच कढईपाशी बसायची आणि खोकून खोकून वाकडी व्हायची. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, धूर सोडा. आक्रात थोरल्या बहिणीचं केस विंचरायचं दुकान होतं, तिथून निरोपही आला. डेलानं कपड्यांची पिशवी भरून, गाठ मारून दाराशी ठेवली. अकोफाच्या हातांना आता कढई पेलत नव्हती. पोर गेली की आईपासूनची चूल विझणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थांब म्हणायला मात्र जीभ उचलत नव्हती. पोरीच्या छातीपेक्षा कढई मोठी आहे का?

अशात एलिकेम आला. शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं पाठवलेला शिकलेला पोरगा, बरोबर एक मोठी बंद टाकी. त्यानं समजावलं, "हे सांडपाणी या टाकीत आंबवायचं. त्यात ठरावीक जंतू सोडायचे. त्यातून हायड्रोजन नावाचा वायू सुटतो. चुन्याच्या निवळीतून गाळून घेतला की चुलीला लावायचा. धूर नाही, काजळी नाही."

"म्हणजे माझ्याच सांडपाण्यावर माझीच कढई तापणार?" अकोफा म्हणाली. "मग इतकी वर्षं लाकडं वाहून मी काय झक मारली?"

बायका खो खो हसल्या. डेलानं पिशवी उचलून आतल्या खुंटीला टांगली. बघू या म्हणाली.

एलिकेमनं शहरातून आणलेला गाळ टाकीत ओतला आणि बजावलं, "आता यात दुसरं काही घालायचं नाही."

आता आमच्याकडची रीत ऐका. कुणी नवी गारीवाली चूल मांडते, तेव्हा तिचं मडकं रिकाम्यानं सुरू होत नाही. प्रत्येक शेजारीण कसावा आंबवायच्या आपापल्या जुन्या विरजणाचा एक कटोरा तिच्या मडक्यात ओतते. ज्या मडक्यात शेजारणींचं विरजण नाही, ती बाई गावाला नकोशी, असा अर्थ. पोरगं परगावचं, एकटं. त्याची टाकी अशी बेवारशासारखी कशी सुरू होऊ द्यायची? एलिकेम आंघोळीला गेला आणि अकोफाच्या पुढाकारानं अकरा जणींनी अकरा कटोरे टाकीत रिते केले. वर टाळ्या वाजवून गाणंही म्हटलं.

पाच दिवस गेले. टाकीतून चार बुडबुडे आले, पण नळीला काडी लावली की विझायची. एलिकेमचा साहेब फोनवर इतका ओरडला की शेजारच्या अंगणात ऐकू गेलं. येत्या बाजाराच्या दिवशी चूल पेटली नाही, तर टाकी उचलून दुसऱ्या गावाला. एलिकेम वहीत आकडे खोडत बसला. "माझंच काहीतरी चुकलं," एवढंच पुटपुटत राहिला. डेलानं पिशवी पुन्हा दाराशी आणली.

अकोफा भरल्या ताटावरून उठली. दुपारी ती एलिकेमसमोर जाऊन उभी राहिली.

"पोरा, तुझं काही चुकलेलं नाही. आम्ही त्यात विरजण ओतलं. अकरा कटोरे. मीच पुढे होते."

"अकरा?"

"शिगोशीग."

"मावशी! मी सांगितलं होतं ना, दुसरं काही घालू नका म्हणून?"

"ते तू परक्या माणसांना सांगितलंस असं वाटलं आम्हाला."

एलिकेमनं कपाळावर हात मारला, मग हसला, मग डोळे पुसले. "तुमच्या विरजणानं माझ्या जंतूंचं सगळं खाणं खाल्लं. पाणी नुसतं आंबट झालं, वायू सुटणार कुठून? आता टाकी धुवावी लागेल. पण नवे जंतू आणायला शहरात जाऊन यायचं म्हणजे बाजार उलटून जाईल."

"तुझे जंतू असतात तरी कसले?"

"गाळ उकळायचा. बाकीचे मरतात, चिवट असतात ते उरतात. तेच कामाचे."

अकोफा जागच्या जागी थबकली. कोकुईचं विरजण असंच व्हायचं. कसावा आधी निखाऱ्यावर भाजायचा, मग फडक्यात गुंडाळून तीन दिवस टोपलीत. लहानगी अकोफा विचारायची, "भाजतेस कशाला?" आणि आई म्हणायची, "आगीतून जो उरतो, तोच घर चालवतो."

"चल माझ्यामागे," अकोफा म्हणाली.

छपरामागच्या चरात ती गुडघ्यांवर बसली आणि कोपरापर्यंत हात घालून काळा चिखल वर काढला. सत्तर वर्षांचा. एलिकेमनं तो हुंगला आणि त्याचे डोळे चमकले. कोकुईच्या जुन्या कढईत दोघांनी तो खदखदून उकळला, धुतलेल्या टाकीत ताज्या सांडपाण्याबरोबर सोडला. अकोफा टाकीपुढे पाट टाकून बसली. "आज कुणीही माया दाखवायची नाही! कटोरा दिसला तर डोक्यात घालीन!"

बाजाराच्या दिवशी सकाळी टाकी न्यायला ट्रक येऊन उभा राहिला. अंगणात सगळं गाव. एलिकेमनं नळी कढईखालच्या चुलीला जोडली, काडी लावली आणि मागे सरला. जाळ दिसेना. लख्ख उन्हात चूल कोरडी ठणठणीत.

"गेलं," कुणीतरी म्हणालं. ट्रकवाला खाली उतरला. अकोफानं पदरानं तोंड झाकलं.

डेला मात्र पुढे झाली. कढईपाशी बसायची जन्माची सवय. तिनं मूठभर ओला कसावा कढईत टाकला.

चर्र झालं.

"अरे, पेटलंय!" एलिकेम ओरडला. "याचा जाळ उन्हात दिसत नाही!"

डेलानं कवटीचा तुकडा घेतला आणि हलवायला सुरुवात केली. गारी भाजल्याचा तोच जुना वास अंगणभर पसरला, धुराशिवाय. एकदाही खोकली नाही. ट्रकवाला मूठभर गरम गारी खाऊन रिकामा ट्रक घेऊन गेला.

अकोफा डेलाच्या शेजारी बसली. डोळ्यांतून धारा लागल्या.

"आई, काय झालं?"

"धूर लागतोय," सवयीनं तोंडातून निघून गेलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. निळंशार आभाळ. डेलाच आधी हसली. "कुठला धूर, आई?"

 अकोफा उठली, दाराशी गेली, डेलाच्या पिशवीची गाठ सोडली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून, आख्ख्या गावासमोर, पहिल्यांदाच मोकळ्यानं रडली.