बसूनं अडवलेलं हेलिकॉप्टर

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. बंगळूरला, कामावर असतानाच हृदय बंद पडलं म्हणे... माझा पाठचा भाऊ. काही आठवडे झाले, अजून मन मानत नाही.

नौबादच्या आमच्या माहेरघरातला तो पहिला इंजिनियर. काम काय, तर हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सला एक यंत्र बसवायचं आणि आतली थरथर कॉम्प्युटरवर बघायची. "अक्का, हरेक चाकाची आपली एक रेघ असती," तो मला समजवायचा. "तिच्या आजूबाजूला बारक्या रेघा उगवायल्या, की चाकाचा दात खराब व्हायलाय समजायचं." मी म्हणायचे, आधी माझी दाढ बघ.

मग एका वर्षी भीमेला पूर आला. माझं सासर करजगी. आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर, खाली पाणी, पोरांच्या हातात मूठमूठ भिजवलेले हरभरे. हेलिकॉप्टर जेवण घेऊन येतंय, असा निरोप होता. आभाळाकडे बघून बघून माना दुखल्या. ते आलं दुसऱ्या दिवशी.

पाणी ओसरल्यावर बसू आला आणि जेवता जेवता स्वतःच बोलला. आदल्या दिवशी निघणारं हेलिकॉप्टर त्यानंच थांबवलं होतं. रेघा दिसल्या होत्या. गिअरबॉक्स उघडला तर दात ठणठणीत. वर बसवलेल्या त्या यंत्राचाच बोल्ट ढिला होता, त्यानंच त्या रेघा उगवल्या होत्या. सांगितलं नसतं तर गावात कोणाला कळलंही नसतं. पण पोटात ठेवेल तो बसू कसला! मला राग आला, रडूही आलं.

सासूबाईंनी विचारलं, "आमी हितं हाव, ठावं व्हतं का तुला?"

"व्हय, अव्वा."

"मग कामून अडवलास?"

"उडवणाऱ्यालाबी आई असती, अव्वा. चूक झाली माझी. पर तसल्या रेघा उद्या दिसल्या तर उद्याबी अडवीन."

सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पुढे मात्र एकाही लग्नकार्यात त्यांनी त्याला चिडवल्याशिवाय सोडलं नाही. "उपाशी मारणारा पाव्हणा आला, त्याला आधी वाढा गं!" तोही हसत दोन घास जास्तच खायचा.

नौबादला त्याला माती देऊन मी करजगीला परतले. जाऊ म्हणाली, सासूबाईंनी कालपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. मी ताट घेऊन गेले. त्यांनी ते हळूच बाजूला सरकवलं.

"तवा उपाशी ठिवलं व्हतं त्यानं," त्या म्हणाल्या. "आजबी ठिवू दे."