गिरणीवाल्याचा पैलवान

आमच्या गिरणीवाल्याला चिंगमच्या पुडीतून निघणाऱ्या परदेशी पैलवानांच्या पत्त्यांचा नाद आहे. चाळिशी उलटली तरी सुटला नाही. पत्त्याला पीठ लागू नये म्हणून आधी हात लेंग्याला पुसतो, मग शेजारच्या शिंप्याबरोबर डाव मांडतो. कुणी वजन म्हणायचं, कुणी छाती. ज्याच्या पैलवानाचा आकडा मोठा, त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. तोवर गिऱ्हाइकाचं दळण थांबतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी गहू घेऊन गेले. पंचमीला आमच्याकडे कुणी दळत नाही, आणि माझ्या लेकीची तर लग्नानंतरची पहिली पंचमी. पुरणाच्या दिंडांना पीठ हवंच होतं. मला चारचौघांत बोलता येत नाही. डबा तेवढा आपटला.

“वैनी, ह्यो येवढाच डाव! माजा भारी पैलवान हाय, ह्येला कोण पाडतंय?”

“टाक की गड्या, बघू,” शिंपी म्हणाला.

तेवढ्यात वीज गेली, ती आलीच नाही. माझे डोळे भरलेले बघून गिरणीवाला पत्ते खिशात टाकून उठला. डबा सायकलला बांधून पलीकडच्या गावच्या डिझेलच्या गिरणीवर गेला आणि दिवेलागणीला पीठ घेऊन आला.

“गिरणी बंद केलती तितल्या मालकानं. माजा भारी पैलवान दिला त्येला, तवा इंजन लावलं.”

पंचमीला मी त्याच्या घरी दिंडं घेऊन गेले. दारात त्याची बायको कपाळाला हात लावून बसली होती.

“सणाच्या दिवशी त्यो पैलवान परत जिंकून आणाया गेल्यात, आक्का! आणा ती दिंडं, आपुन दोघी खाऊ.”

आम्ही खाल्ली. एक मात्र मी त्याच्यासाठी झाकून ठेवलं.