अपडेटवर लावलेला कौल

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवून बाहेर पाठवणारा एक कारखाना आहे. तिथले कॉम्प्युटर अडले की मला बोलावतात, आणि मी पोचेपर्यंत कुणाला तरी दोषी ठरवून मोकळे झालेले असतात. त्या सकाळी पाळी वजनकाट्यावर बसणाऱ्या बाईची होती.

पूर्णगडची ती. नवरा मुंबईतली नोकरी सुटून घरी बसलेला, शिकणाऱ्या पोरी, मिळवती ही एकटी. आदल्या संध्याकाळी मालकांच्या भाच्यानं ग्रुपवर फर्मान काढलं होतं, सगळ्यांनी सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकून घ्या. सगळ्यांच्या आधी हिनं टाकलं. सांगितलेलं काम लगेच करायची खोड, दुसरं काय! मागोमाग हॉलमधल्या बाकीच्यांनी टाकलं. सकाळी एकही कॉम्प्युटर डेटाबेसला जोडला जाईना. जो तो उघडावा तर एकच ओळ, सर्व्हरशी संपर्क होत नाही. कॉम्प्युटरवर वजन चढल्याशिवाय माल आत घेता येत नाही, आणि बाहेर सुरमईच्या क्रेटमधला बर्फ वितळून अंगणभर पाणी झालं होतं.

मालक तिला चारचौघांत बोलत होते. नवऱ्याचं बसवलंस, आता माझंही बसवायला आलीस काय, इथवर मजल गेली होती. भाचा शेजारीच उभा. मेल्याच्या तोंडाला कुलूप! फर्मान माझं होतं, एवढं एक वाक्य बोलला असता तर त्याची जीभ झडली नसती.

मी वायर बघितली, पासवर्ड बघितला, सर्व्हर चालू होता. मग मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी आळसापायी नवीन व्हर्जन टाकलंच नव्हतं, आणि त्यांचा कॉम्प्युटर मजेत चालला होता. म्हणजे सर्व्हर ठीक, घोळ नव्या व्हर्जनचा. लॉग उघडला तसा उलगडा झाला. नवं व्हर्जन जोडणी करण्याआधी सर्व्हरकडे ओळखीचं प्रमाणपत्र मागत होतं, जुनं कधी मागत नसे, आणि सर्व्हरकडे तसलं काही नव्हतंच. बटण कुणीही दाबलं असतं तरी हेच झालं असतं.

हे सांगायला बाहेर येते तो काय, आवारातल्या राखणदार देवाच्या पाषाणापुढे गुरव बसलेला. माझी वाट बघण्याएवढा दम कुणाला! कौल लावला होता. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. हिच्या हातून बिघडलं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. वारा असा भणाणत होता की एक ना एक पडणारच. उजवी पडली.

मी तिथंच ओरडले की कारण सापडलंय, हिचा काडीचा संबंध नाही. मालक म्हणाले, आधी माल आत घेऊ. मी सर्व्हरसाठी प्रमाणपत्र तयार केलं, एकेका कॉम्प्युटरला ते ओळखायला लावलं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी वजनं चढायला लागली. मग मी पुन्हा केबिनमध्ये जाऊन सगळं समजावलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, मशीनचं तुम्ही सांगितलंत ते खरंच असेल," ते म्हणाले. "पण कौल झालाय. आता तिला ठेवलं तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल."

भाच्याला वाचवायला देव बरा सापडला, असं मी तोंडावर बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

ती डब्याची पिशवी घेऊन फाटकाशी पोचली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. म्हटलं, लेबर ऑफिसात जाऊ, मी लेखी देते, तुझी चूक नव्हती हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिनं सगळं ऐकलं.

"ताई, मग देवान उजवी कशाला दिलीन?"

वाऱ्यानं पडली ग ती, मी म्हटलं. नुसता वारा होता.

तिनं हात सोडवून घेतला. "असं बोलू नका. पोरी हायत मला."

आणि ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरली, राखणदाराच्या पायाशी माफीचा नारळ ठेवायचा होता म्हणून.