जागल्या कडूबाची दुपार

अमडापूरच्या शिवारात कडूबानं तीस वर्षं जागल केली. रात्रभर मचाणावर बसून रानडुकरं हाकलायची आणि दिवसा घरी येऊन झोपायचं. झोप काय चीज असते, हे त्याला कुण्या डॉक्टरानं शिकवायची गरज नव्हती.

एकोणसत्तर सालच्या हुरड्याच्या दिवसांत त्याचे मालक वामनराव अर्धांगवायूनं खाटेला खिळले. अमेरिकेतला मुलगा पंजाबराव विमानानं धावत आला, पण पाचच दिवसांसाठी. म्हाताऱ्याची जीभ दुपारी तासभरच काय ती मोकळी व्हायची, अन् नेमका तेव्हाच हा पठ्ठ्या घोरत पडलेला! रात्री मात्र टक्क जागा. केसरबाई आईच ती, खिडकीला चादर लावून म्हणायची, "थकला माझा लेक, झोपू द्या." दोन दुपारी अशाच गेल्या. वामनराव दाराकडं बघत राहिले.

तिसऱ्या दिवशीही तो तास टळला, तेव्हा हुरड्याची कणसं घेऊन आलेल्या कडूबाचं डोकं फिरलं. त्यानं सरळ चादरच ओढून काढली.

"बाई, लेकराचं नुसकान काऊन करून राह्यल्या? अंधार केला का झोप मुक्काम ठोकते!"

पंजाबराव डोळे चोळत म्हणाला, "कडूबाकाका, तिकडं आत्ता पहाटेचे साडेतीन वाजलेत हो."

"तिकडची पहाट तिकडं. इथं सूर्य डोक्यावर हाय, पंजाबभाऊ. चाला!"

त्यानं त्याला उन्हात बांधावरून फिरवलं, साऱ्या घराबरोबर भाकरी खायला लावली, दुपारनंतरचा चहा तोडला. "पोट सूर्यासंग चालवा, डोळे मांगून येतात," म्हणाला.

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर पंजाबराव पुन्हा पेंगला. "दहा मिनिटं, काका," म्हणत भिंतीला टेकला. कडूबानं त्याचा दंड धरला.

"माहा बाप रोज दुपारी काही सांगाले माह्या उशाशी येऊन बसे. मी जागलीवरून येऊन झोपेल असो. 'थकला असंल' म्हणून त्यानं मले कधी उठवलं नाही. काय सांगाचं होतं, थे संगंच घेऊन गेला. अजून जीव जळते, भाऊ."

पंजाबराव उठला. तोंडावर पाणी मारून वडिलांच्या खाटेशी जाऊन बसला. वामनरावांनी बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं, धडपडत चांगला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि अडखळत विचारलं, "झोप झाली का रे, बाबू?"

बाहेर ओट्यावर कडूबानं तोंडाला शेला लावला. खरं तर ती त्याच्या झोपेची वेळ होती.