जिनिंगच्या शेडमधली इटालियन राणी

आमच्या ग्रुपमध्ये आता कुणी धड चहा पिऊ देत नाही. कप तोंडाला लावला की एकजण विचारतो, "विष हाय का गं?" आणि दुसरा किस्सा सुरू करतो. मे महिन्यात हिंगणघाटात इटालियन ऑपेरा करायला घेतल्यावर किस्से साचणारच. बाकीचे हसतात. मी मात्र कप खाली ठेवते, कारण मी प्रॉम्प्टर होते, विंगेतून ओळी सांगणारी.

ऑपेरात सगळं गाऊनच बोलायचं. राणीचं शत्रूच्या राजावर प्रेम, घरचे दुसरीकडे लग्न ठरवतात, ती विष पिते. आमच्या कॉलेजातून रिटायर झालेल्या संगीताच्या सरांनी ते मराठीत आणलं. राणी माझी मैत्रीण प्रणाली. तिला पुण्याला गाणं शिकायला जायचं होतं. तिच्या बाबांचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान. ते म्हणाले, "आधी पाह्यतो काय गाते ते. मंग ठरवू." झालं! तेव्हापासून झोप तिची नाही, माझी उडाली.

*

उन्हाळ्यात कापूस नसतो, म्हणून जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, रिकामी शेड मिळाली. तिथल्या चौकीदारानं आमची जाहिरात अंगावर घेतली, पण 'ऑपेरा' काही त्याच्या जिभेवर बसेना.

तरी दुसऱ्या दिवशी तालमीला म्हाताऱ्यांची रांगच आली. आम्ही खूश. प्रणाली जीव ओतून गायली. शेवटी एक आजी गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"गानं झालं असंन तर डोये तपासता का माये? आपरेशन हाय म्हने इथं."

*

राजा होता नितीन, जवळच्या रोहणा गावचा. आवाज खणखणीत, पण रंगात आला की 'मला'चं 'मले' व्हायचं. सर एकदा चिडले.

"नितीन, इटलीचा राजा 'मले' म्हणत नाही."

"सर, तो 'मला' बी म्हनत नाई."

सर पाणी प्यायला गेले.

*

शेडमध्ये दोन दांडगे कूलर. चालू ठेवले तर गाणं ऐकू येईना, बंद केले तर माणसं टिकेनात. सरांनी तोडगा काढला: राणी गाईल तेव्हा बंद, राजा गाईल तेव्हा चालू.

नितीन म्हणाला, "म्हंजे माह्या टायमाले लोकं फकस्त हवा खाईन."

*

वादळाच्या प्रवेशात कुणीतरी न सांगता पत्रा बडवला आणि मी विंगेत किंचाळले. सरांना ती किंकाळी इतकी आवडली की म्हणाले, "ही ठेवूया." पण ठरवून किंचाळायला मला जमेना. मग मला रोज नव्यानं दचकवायचं काम नितीनकडं आलं. कधी पाठीत बर्फ, कधी कानाशी फुगा.

नंतर नंतर मी त्याला नुसतं येताना पाहूनच किंचाळायला लागले. सर म्हणाले, "आता जास्त होतंय."

*

प्रयोगाच्या संध्याकाळी प्रणालीचे बाबा पहिल्या रांगेत, थेट कूलरसमोर. चेहरा कोरा. मी स्क्रिप्ट सोडून त्यांच्याकडंच बघत होते. मध्येच त्यांनी जांभई दिली आणि मी राणीला राजाची ओळ सांगितली.

शेवटचा प्रवेश. कूलर बंद. राणी विष पिऊन कोसळली. पडल्या पडल्या ती गाणार, पण त्याआधी सरांनी मुद्दाम थोडी शांतता ठेवली होती. त्या शांततेत मागून एका बाईचा आवाज आला, "ऊन लागलं वो पोरीले!"

आमच्याकडं उन्हाळ्यात खिशात कांदा असतो. कुणाला ऊन लागलं की फोडून हुंगवायचा. कुणी काही म्हणायच्या आत बाबा स्टेजवर. लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, बुक्कीनं कांदा फोडला आणि तिच्या नाकाशी धरला. "काका, नाटकातलं आहे ते," असं मी विंगेतून सवयीनं कुजबुजूनच सांगितलं.

तेवढ्यात प्रणालीनं गायला सुरुवात केली. तशीच, बापाच्या मांडीवर पडून.

बाबांचा कांद्याचा हात होता तिथंच थांबला. कूलर बंद असूनही प्रेक्षकांतला एक माणूस हलेना. गाणं संपलं, तिनं मान टाकली, तरी बाबा उठेनात. आणि राजाची एंट्री झाली! नितीननं आधी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हातानं खूण केली, गा.

तो गुडघ्यावर बसून गायला, "राणी, मला टाकून कुठं निघालीस?"

बाबांनी डोळे पुसले. कांदा परत खिशात ठेवला.

"पुन्याले," ते म्हणाले.